घरगुती विक्री आणि रिकाम्या हाताने परतणारा पाहुणा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत महाराष्ट्रातील गावोगावी हळदीकुंकवाचे समारंभ होतात. ओसरीवर सतरंजी अंथरलेली असते. तिळगूळ, वाण, थोडा अल्पोपाहार आणि गप्पा असा हा साधा कार्यक्रम असतो. अलीकडच्या काळात या कार्यक्रमाला आणखी एक अंग आले आहे. घरातील एका बाजूस मसाल्याची पाकिटे, पापड-कुरडया, साड्या, पिशव्या किंवा प्लास्टिकचे डबे मांडून ठेवलेले असतात. बायका ते हाताळून पाहतात, भाव विचारतात. काहीजणी खरेदी करतात, तर काहीजणी काहीही न घेता घरी जातात.

ज्या खरेदी करतात त्यांचे नाव वहीत लिहिले जाते आणि त्यांचा प्रश्न तेथे मिटतो. ज्या खरेदी करीत नाहीत त्यांच्याशी कसे वागावे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वस्तुतः घरगुती विक्रीचे भवितव्य पुष्कळ अंशी याच पाहुण्यांवर अवलंबून असते. दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडणारे गिऱ्हाईक दुकानदाराचे कोणी लागत नाही. घरातून रिकाम्या हाताने जाणारी बाई ही शेजारीण असते, नणंद असते किंवा मुलांच्या वर्गातील एखाद्या मुलाची आई असते. तिचे मन दुखावले तर केवळ एक विक्री हुकत नाही, एक नाते दुरावते. बचतगटांच्या अनेक भगिनी याच मार्गाने आपला माल विकत असल्यामुळे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कार्यकर्ते यांनी या विषयाची माहिती करून घेणे उपयुक्त ठरेल.

पद्धतीचा उगम

पाहुण्यांना घरी बोलावून वस्तू दाखवायच्या आणि तेथेच मागणी नोंदवायची, ही पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. १९३१ साली स्थापन झालेल्या स्टॅनले होम प्रॉडक्ट्स या कंपनीने ब्रश व साफसफाईच्या वस्तू विकण्यासाठी तिचा मोठा उपयोग केला. दारोदार फिरून एकेका गृहिणीला वस्तू दाखविण्याऐवजी एकाच घरी दहा-बारा जणींना एकत्र आणल्यास विक्रेत्याचा वेळ वाचतो, हा त्यामागील हिशेब होता.

या पद्धतीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती टपरवेअरच्या डब्यांमुळे. अर्ल टपर यांनी १९४६ च्या सुमारास प्लास्टिकचे हवाबंद डबे बाजारात आणले. डबे उत्तम होते, परंतु दुकानांच्या फळ्यांवर ते पडून राहिले. झाकण दाबून आतील हवा थोडी बाहेर काढल्यावरच ते घट्ट बसते, ही गोष्ट कोणी प्रत्यक्ष दाखविल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळत नव्हती. ब्राउनी वाइज ही स्त्री हेच डबे घरगुती मेळाव्यांत दाखवून मोठ्या प्रमाणावर विकीत असल्याचे टपर यांच्या ध्यानात आले. १९५१ साली त्यांनी दुकानांतील विक्री थांबविली, घरगुती मेळाव्यांचा मार्ग स्वीकारला आणि त्या विभागाची सूत्रे वाइज यांच्याकडे सोपविली. १९५४ साली ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली स्त्री ठरली. भारतात या कंपनीने १९९६ साली पाऊल ठेवले आणि येथील शहरांतील गृहिणींनाही हे मेळावे परिचयाचे झाले. पुढे काळ पालटला, खरेदीचे नवे मार्ग निघाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये या कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागावे लागले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. घरगुती मेळाव्याचे मूळ प्रयोजन वस्तू समजावून सांगणे हे होते. जी वस्तू पाहिल्याशिवाय, हाताळल्याशिवाय किंवा चाखल्याशिवाय कळत नाही, तिच्यासाठी ही पद्धत योग्य आहे. गोडा मसाला, गोधडी किंवा खपली गव्हाच्या शेवया या अशाच वस्तू होत. म्हणून मेळाव्यात आलेल्या बाईने वस्तू पाहिली आणि तिचे गुण तिला समजले, तर ती खरेदी न करता गेली तरीही मेळाव्याचे निम्मे काम झाले, असे मानावयास हरकत नाही.

भीड आणि तिची किंमत

घरगुती मेळाव्यात तीन बाजू असतात. एक विक्रेती, दुसरी जिच्या घरी मेळावा भरतो ती यजमानीण आणि तिसरी पाहुणी. दुकानात केवळ दोनच बाजू असतात. ही मधली तिसरी व्यक्ती म्हणजेच या पद्धतीचे बळ आणि हीच तिची अडचणही होय. पाहुणी येते ती विक्रेतीच्या बोलावण्यावरून नव्हे, तर यजमानिणीच्या शब्दाखातर. साहजिकच वस्तू नको असली तरी “हिच्या घरी चहा घेतला, आता काहीच न घेता कसे जायचे?” असा विचार तिच्या मनात येतो. मराठीत याला ‘भीड’ असा नेमका शब्द आहे.

जोनाथन फ्रेंझेन आणि हॅरी डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकांनी घरगुती मेळाव्यांतील खरेदीविषयीचे आपले संशोधन १९९० साली प्रसिद्ध केले. यजमानीण आणि पाहुणी यांचे नाते जितके घट्ट तितकी खरेदी होण्याची शक्यता अधिक असते, परंतु किती खरेदी होईल यावर त्या नात्याचा फारसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. आपल्याकडील अनुभवाच्या भाषेत सांगावयाचे तर, भिडेखातर बाई एखादी वस्तू घेते, पण ती लहानात लहान आणि स्वस्तात स्वस्त अशी घेते.

या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहणे बोधप्रद ठरेल. समजा, एका बचतगटाने ९० रुपयांचे मसाल्याचे पाकीट विक्रीस ठेवले आहे. एका बाईने भिडेखातर एक पाकीट घेतले. गटाच्या वहीत ९० रुपये जमा झाले. ते पाकीट तिच्या फडताळात पडून राहिले आणि पुढच्या वेळी बोलावणे आले तेव्हा तिने “घरी पाहुणे आहेत” असे सांगून येणे टाळले. दुसऱ्या बाईने त्या दिवशी काहीच घेतले नाही. तिला नुसती चव देण्यात आली आणि हसतमुखाने निरोप देण्यात आला. दोन महिन्यांनी तिच्या घरचा मसाला संपला तेव्हा तिला त्या चवीची आठवण झाली आणि तेव्हापासून ती दरमहा एक पाकीट नेऊ लागली. बारा महिन्यांचे तिचे १,०८० रुपये होतात. पहिलीचे ९० रुपये लगेच दिसले, दुसरीचे १,०८० रुपये त्या दिवशी कोणालाच दिसले नाहीत. घरगुती विक्रीतील बहुतेक चुका ताबडतोब दिसणाऱ्या रकमेच्या मोहातून होतात.

खरेदी न करण्यामागील कारणे

खरेदी न करणारी प्रत्येक बाई एकाच कारणाने नकार देते असे नाही. कारण वेगळे तर वागणूकही वेगळी हवी. सर्वसाधारणपणे पुढील कारणे आढळतात.

पहिले कारण पैशाच्या वेळेचे. ग्रामीण घरात पैसा रोज येत नाही. मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, दुधाचे पैसे दहा-पंधरा दिवसांनी होतात, उसाचे बिल कारखाना देईल तेव्हा हाती येते. मेळावा बाजाराच्या आदल्या दिवशी ठेवला तर अर्ध्या बायकांच्या हातात पैसे नसतात. अशा वेळी नकार वस्तूला नसून दिवसाला असतो. गटाने मेळाव्याचा वार बदलला तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरे कारण पैशाच्या मालकीचे. बाई कमावती असली तरी खर्चाचा अधिकार तिच्याकडे असतोच असे नाही. सासूला किंवा नवऱ्याला विचारल्याशिवाय शंभर रुपयेही खर्च करता येत नाहीत, ही गोष्ट ती चारचौघींत कशी सांगणार? ती “मला हा रंग आवडला नाही” असे म्हणते. या बाईला आग्रह करणे म्हणजे तिची घरची अडचण सर्वांसमोर उघडी करणे होय.

तिसरे कारण गरजेचे. जिच्या घरी वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच कुटून बरणीत भरलेला आहे, तिला पाकिटाची आवश्यकता नसते. चौथे कारण मालाविषयीच्या शंकेचे. पाकिटावर वजन नाही, तारीख नाही, मागच्या खेपेस पापड मोडके निघाले, अशा शंका बाई बोलून दाखवीत नाही, कारण माल करणारी तिच्यासमोरच बसलेली असते. पाचवे कारण असे की, ती स्वतः दुसऱ्या गटाची सभासद असते आणि तेच पदार्थ तिचा गटही तयार करीत असतो.

यांपैकी केवळ चौथ्या कारणाला मेळाव्यात उत्तर देता येते आणि तेही माल सुधारून. उरलेल्या कारणांवर आग्रहाचा काहीच इलाज नाही. आग्रहाने पैशाची वेळ बदलत नाही आणि बरणीतला मसालाही संपत नाही.

बोलावण्यापासून निरोपापर्यंत

खरेदी न करणाऱ्या पाहुणीशी कसे वागावे या प्रश्नाचे उत्तर मेळाव्याच्या दिवशी शोधून भागत नाही. त्याची सुरुवात बोलावण्यापासूनच होते. “हळदीकुंकवाला या” एवढेच सांगून बोलवायचे आणि आल्यावर माल पुढे करायचा, ही फसवणूक नसली तरी तिच्या जवळपास जाणारी गोष्ट आहे. “आमच्या गटाचा माल पाहायला या, घेतलाच पाहिजे असे नाही” असे आरंभीच सांगितले तर येणारी बाई मोकळ्या मनाने येते. जिला यायचे नाही ती येत नाही आणि त्यात कोणाचाच अवमान होत नाही.

हळदीकुंकू आणि विक्री शक्यतो वेगवेगळ्या दिवशी ठेवावीत. याचे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. हळदीकुंकवाच्या रूढीत विधवा भगिनींना बोलावण्याची प्रथा नव्हती. विक्री हळदीकुंकवाला जोडली की या भगिनी गिऱ्हाईक म्हणूनही वगळल्या जातात आणि गटात असल्या तर विक्रेत्या म्हणूनही मागे राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. ज्या गावांना हा विचार पटला आहे, त्यांनी विक्रीचा मेळावा सर्व स्त्रियांना खुला ठेवणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल ठरेल. पाहुणी न घेता गेली तर काय करावे हा प्रश्न पुढचा आहे. तिला उंबरठ्यापर्यंत येऊ द्यावे, हा पहिला आहे.

मेळाव्याच्या दिवशी मालावर किंमत लिहिलेली असावी. भाव विचारावा लागला की बाई बोलण्यात गुंतते आणि मग नकार देणे तिला जड जाते. किंमत लिहिलेली असेल तर ती मनातल्या मनात हिशेब करून गप्प राहू शकते. चहा, फराळ किंवा वाण सर्वांना सारखेच आणि माल दाखविण्यापूर्वी द्यावे. खरेदी करणारीला भेटवस्तू आणि न करणारीला नुसता चहा, असा भेद एकदा जरी झाला तरी तो गावात वर्षभर बोलला जातो.

मागणी नोंदविण्याची वही एका बाजूस ठेवावी. एकेकीचे नाव पुकारून “तुमचे काय लिहू?” असे विचारण्याची रीत सर्वस्वी त्याज्य होय. ज्यांना घ्यायचे असेल त्यांनी वहीपाशी यावे. ज्या येणार नाहीत त्यांची नावे कोणी मोजू नयेत. “अजून बोहनीसुद्धा झाली नाही” हे वाक्य विक्रेतीच्या तोंडून सहज निघते. परंतु बोहनीचा भार पाहुणीवर टाकणे हीदेखील एक प्रकारची सक्तीच आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रत्यक्ष संभाषणात फरक कसा पडतो याचे एक उदाहरण घेता येईल. पाहुणी म्हणते, “मसाला चांगला आहे हो, पण या महिन्यात नको.” यावर विक्रेती म्हणते, “अहो वहिनी, एवढ्याशा पाकिटाने काय होतंय? पैसे नंतर द्या.” येथे तीन चुका झाल्या. पाहुणीचा नकार ऐकून घेतला नाही, तिची अडचण क्षुल्लक ठरविली आणि तिच्यावर उधारी लादली. उधारीच्या पाकिटाचे ९० रुपये मागावे लागतात आणि मागण्याच्या दिवशी शेजारधर्म संपतो. याउलट विक्रेती म्हणाली, “बरं वहिनी. चव तेवढी घेऊन बघा आणि काय कमी वाटलं ते सांगा,” तर पाहुणीला मान मिळतो, विक्रेतीला उपयुक्त सूचना मिळते आणि बोलणे पुढे सरकते. मीठ जास्त झाले आहे किंवा पाव किलोऐवजी लहान पुडी हवी, हे सांगणारी बाई बहुधा खरेदी न करणारीच असते. विकत घेणारी आपल्या निवडीला नावे ठेवीत नाही.

मेळावा संपल्यावरही काही पथ्ये पाळावी लागतात. दोन दिवसांनी मुलीच्या हाती पाकीट देऊन “आईने पाठवलंय, पैसे मागितलेत” असा निरोप धाडणे अयोग्य आहे. न घेणाऱ्या बाईची पाणवठ्यावर किंवा गिरणीवर चर्चा करणे त्याहूनही वाईट. तिला पुढील मेळाव्याचे बोलावणे इतरांइतक्याच आपुलकीने गेले पाहिजे. सलग दोन-तीन वेळा तिने येणे टाळले तर मात्र तिच्या इच्छेचा मान राखून बोलावणे थांबवावे आणि येणे-जाणे पूर्ववत ठेवावे.

यजमानीण आणि पाहुणी

या व्यवहारात यजमानिणीची स्थिती नाजूक असते. अनेक ठिकाणी तिला झालेल्या विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू दिली जाते. त्यामुळे तिचे लक्ष पाहुणचारावरून पाहुण्यांच्या पिशव्यांकडे वळते. बचतगटांनी यजमानिणीला विक्रीवर अवलंबून नसलेली ठराविक भेट द्यावी, किंवा गटातील घरे पाळीपाळीने घ्यावीत. तसे केल्यास कोणी किती घेतले याच्याशी तिचा संबंध उरत नाही आणि ती केवळ घरची बाई म्हणून सर्वांचे आदरातिथ्य करू शकते.

पाहुणीचीही काही जबाबदारी असते. “बघू, नंतर सांगते” हे आपल्याकडील नकाराचे सभ्य रूप आहे, परंतु विक्रेती ते होकार समजून माल राखून ठेवते आणि पापडाचा डबा सादळून जातो. “आज नको, लागेल तेव्हा मीच येईन” असे स्पष्ट सांगणे दोघींच्याही हिताचे असते. नकार देताना खोटे कारण सांगण्याची गरज नाही आणि नकार ऐकताना कारण विचारण्याचीही नाही.

पदाचा भार

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी एका बाबीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. शेजारणीला नकार देता येतो, पण सरपंचांच्या घरी नकार देणे सोपे नसते. जिचा घरकुलाचा अर्ज पंचायतीत पडून आहे, किंवा जिला रहिवासाचा दाखला हवा आहे, ती बाई सरपंचांच्या सुनेने मांडलेल्या साड्यांतून एखादी तरी साडी घेतेच. तिने ती आवडीने घेतली की धास्तीने, हे कोणालाही सांगता येणार नाही. शिक्षिकेच्या घरी मेळावा असेल तर वर्गातील मुलांच्या आयांची हीच अवस्था होते. अंगणवाडी, शाळा वा पंचायत कार्यालय यांच्या आवारात भरणारी विक्रीही याच प्रकारात मोडते.

येथे आग्रह करण्याचीही आवश्यकता नसते. पदच आग्रह करीत असते. म्हणून ज्यांच्याकडे गावकऱ्यांची कामे अडलेली असतात, त्यांनी आपल्या घरी विक्रीचे मेळावे भरवू नयेत आणि कोणत्याही मालासाठी आपला शब्द खर्ची घालू नये. शासकीय कर्मचाऱ्यांना तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही. गटाला मदत करावयाची असेल तर त्यासाठी इतर चांगले मार्ग आहेत. आठवडे बाजारात गटाला जागा मिळवून देणे, वजनकाट्याची व वेष्टनाची माहिती देणे, तालुका व जिल्हा पातळीवरील प्रदर्शनांची वेळेवर सूचना देणे ही कामे पदाचा योग्य उपयोग ठरतील.

कायद्याची चौकट

साखळी पद्धतीने विक्रेते नेमून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र शासनाने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ लागू केले असून ते २८ डिसेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झाले. ग्राहकाच्या घरी जाताना विक्रेत्याजवळ ओळखपत्र असावे आणि पूर्वसंमती घेतलेली असावी, विक्रीचे बोलणे सुरू करतानाच त्याने आपली, कंपनीची व येण्याच्या हेतूची खरी ओळख द्यावी, तसेच किंमत, माल परत करण्याच्या अटी व हमी यांची संपूर्ण माहिती द्यावी, असे त्यात सांगितले आहे. आपला माल आपणच विकणाऱ्या लहान बचतगटाची गोष्ट निराळी आहे. तथापि हेतू आधी सांगावा आणि संमती घेऊन पुढे जावे, ही तत्त्वे गटांनीही स्वेच्छेने पाळण्यासारखी आहेत.

खरेदी न करणाऱ्या पाहुणीला पुष्कळदा दुसरी गळ घातली जाते. “माल नको असेल तर सभासद तरी व्हा, आणखी चारजणी आणा, पैसे आपोआप येतील,” असे तिला सांगण्यात येते. जेथे मिळकत मालाच्या विक्रीतून न होता नवे सभासद आणण्यातून होते, तेथे सावध झाले पाहिजे. अशा पैसे फिरविण्याच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली असून २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना मनाई केली आहे. ज्या बाईने ९० रुपयांच्या पाकिटाला नकार दिला, ती भिडेपोटी काही हजार रुपये भरून बसते, अशी आपत्ती यातून ओढवू शकते. शंका किंवा तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारणा करता येते. ग्रामसभेत ही माहिती एकदा वाचून दाखविणे पंचायतींना सहज शक्य आहे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या गटांनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. पाकिटावर गटाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि तयार केल्याचा महिना छापावा. ज्या शंका पाहुणी भिडेमुळे बोलून दाखवीत नाही, त्यांना ही छापील अक्षरेच उत्तर देतात.

अनोळखी गिऱ्हाइकाची कसोटी

महिलांच्या आर्थिक उन्नतीसाठी राज्यात १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे २०११ पासून ‘उमेद’ अभियानाद्वारे ग्रामीण भागात बचतगटांचे काम विस्तारले. या गटांचा माल प्रारंभी ओळखीच्या घरांतच विकला जातो आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु तेथेच थांबणे धोक्याचे असते. ओळखीची वीस घरे भिडेखातर एकेकदा घेऊन झाली की विक्री थंडावते आणि मालात उणीव कोठे होती हे कळण्याचा मार्गही बंद होतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. पापड भुलेश्वरमधील व्यापाऱ्याला विकायचे, कोणाकडून देणगी घ्यायची नाही आणि दर्जात तडजोड करायची नाही, हे त्यांचे धोरण होते. ज्याला या सातजणींची भीड पडण्याचे कारण नव्हते, अशा दुकानातल्या गिऱ्हाइकाने ते पापड पुन्हा पुन्हा मागितले, म्हणूनच तो उद्योग वाढला.

प्रत्येक गटाला अखेरीस या कसोटीला उतरावे लागते. मेळाव्यातून मोकळ्या मनाने आणि रिकाम्या हाताने परतणारी पाहुणी हे त्या अनोळखी गिऱ्हाइकाचे घरातच भेटणारे रूप होय. तिला नकार देता येतो, म्हणूनच तिच्या होकाराला किंमत असते.

गटाच्या बैठकीसाठी प्रश्न

शिक्षक व कार्यकर्ते यांना पुढील प्रश्नांच्या आधारे गटाच्या मासिक बैठकीत चर्चा घडवून आणता येईल.

१. मागील मेळाव्यास आलेल्यांपैकी न घेता गेलेल्या भगिनींना आपण त्यानंतर कधी भेटलो? त्या भेटीत बोलणे पूर्वीसारखेच झाले काय?

२. एकदाच घेतलेल्या आणि पुन्हा पुन्हा घेणाऱ्या ग्राहकांची संख्या वहीतून वेगळी काढावी. दोन्हींपैकी कोणती वाढत आहे?

३. आपला मेळावा ज्या दिवशी असतो त्या दिवशी गावातील बहुतेक घरांत पैसा असतो काय?

४. गावातील कोणत्या स्त्रियांना आजवर बोलावणेच गेले नाही? त्याचे कारण काय?

५. एकीने विक्रेतीची व दुसरीने पाहुणीची भूमिका घ्यावी. पाहुणीने नकार द्यावा आणि विक्रेतीने एकाही शब्दाचा आग्रह न करता तिला निरोप द्यावा. हा सराव प्रत्येकीने आळीपाळीने करावा.

पाचवा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्या गटाला तो जमेल, त्या गटाच्या दारी आज न घेता गेलेली पाहुणी उद्या आपल्या पावलांनी आल्याशिवाय राहणार नाही. आणि ती ग्राहक म्हणून आली नाही, तरी शेजारीण म्हणून निश्चितच येईल.